घरच्या घरी धर्मस्थापना

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास, जेवणं उरकून, धर्मस्थापनेला बसावं. उपाशीपोटी स्थापलेले धर्म फार कडक निघतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या पहिल्या धर्मात आठवड्याला चार उपास होते, कारण त्या रात्री आमच्यातल्या वकिलाची बायको माहेरी गेली होती आणि मागवलेला डबा उशिरा आला.

साहित्य फार लागत नाही. माणसं पाच, वीस तोंडांचा फासा एक, भडंग पाव किलो आणि एक मोठा नकाशा. आमचा नकाशा एका बँकेच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेला आहे. पुढच्या बाजूला ऑगस्ट महिना आणि दुधाचा हिशेब. नकाशातल्या देशाचं नाव सातखाडी. हा देश पाच जणांनी मिळून रचायचा, त्यात प्रत्येकाने आपलं एकेक पात्र हिंडवायचं, संकटं आळीपाळीने एकेकाने आणायची आणि तगलो की बुडालो ते फाशाला विचारायचं. जगभर या खेळाला रोल-प्लेइंग म्हणतात. आमच्या घरी 'यांचं ते' म्हणतात.

डोंगर, नद्या, चोरवाटा हे सगळं पहिल्याच बैठकीत होऊन जातं. धर्माची गरज साधारण तिसऱ्या आठवड्यात लागते, जेव्हा कुणाचं तरी पात्र शपथ घ्यायला उठतं आणि कुणाची घ्यायची ते न सुचून पुन्हा खाली बसतं.

नवशिक्या धर्मसंस्थापकाची पहिली चूक म्हणजे सुरुवातीपासून सुरुवात करणं. मी स्वतः अकरा पानी विश्वोत्पत्ती लिहिली होती. आधी अंधार, मग पाणी, मग पाण्यातून एक कासव, वगैरे. चौघांनीही 'वाचली, छान आहे' म्हणून सांगितलं. सहाव्या पानावर मी मुद्दाम महिन्याच्या वाणसामानाची यादी घातली होती, तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. टोल्किननी विश्वाची उत्पत्ती गाण्यातून झाल्याचं लिहिलं हे खरं. पण ते पुस्तक, 'द सिल्मरिलियन', छापून आलं 1977 साली, म्हणजे ते वारल्यावर चार वर्षांनी. आणि ज्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या नादाने लोक तिथवर पोचले, त्यात देऊळ शोधायला गेलात तर पाय दुखतील.

तेव्हा धर्म पळीपासून सुरू करावा. तीर्थ कोण देतो, पहिलं कुणाला मिळतं, उरलेला प्रसाद कुणाच्या घरी जातो, देवळाच्या पायरीवर बसायचा हक्क कुणाचा. एवढं ठरलं की वरचं आकाश आपोआप जमत जातं. आमचा मुख्य देव भरतोबा, खाडीच्या मुखावरचा, भरतीचा. आत कांदळवनात ओहटाई, तिचं नाव संध्याकाळनंतर घ्यायचं नाही. भरतोबाला प्रसाद भाजक्या जवळ्याचा. यावरून आमच्यातल्या शाकाहारी ऑडिटरने त्याच बैठकीत पहिला सुधारक पंथ काढला, त्यात प्रसाद खोबऱ्याचा. तो पंथ फार चालला नाही. भांडणात नुसती पाककृती असून भागत नाही.

खरा धर्म पुढच्या शनिवारी झाला, तोही चुकून.

कोकणात कौल लावतात ते तुम्ही पाहिलं असेल. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि श्वास रोखून बघत राहायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे आम्ही जसंच्या तसं उचललं. माझ्या पात्राला होडी समुद्रात घालायची होती, म्हणून गुरवाने पाकळ्या लावल्या, फासा टाकला, पाकळी पडली. त्या रात्री संकटं आणायची पाळी असलेल्या शाळामास्तरांनी जाहीर केलं, 'उजवी पडली. जा.' तेव्हा माझी चुलत बहीण, जी तोवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, मान वर न करता म्हणाली, "उजवी म्हणजे कुणाची उजवी? त्याची की आपली?"

भडंग खायचं थांबलं. कोकणातल्या एखाद्या गुरवाला हे विचारलंत तर तो नुसता तुमच्याकडे बघून घेईल. आम्हाला बघून घेणारं कुणी नव्हतं. रात्री दीडपर्यंत सातखाडीत दोन पंथ झाले. देवउजवे म्हणतात, प्रश्न त्याला विचारलाय, तर उत्तर त्याच्या अंगाने मोजा. आपल्या अंगाने मोजणं म्हणजे देवाला आरशासारखं वापरणं. भक्तउजवे म्हणतात, भरतोबा म्हणजे भरती, ती चहूकडून येते, तिला कसलं डावं-उजवं? हात असलेल्यांच्या नशिबी डावं-उजवं, म्हणून ते आपल्याच हाताने मोजायचं. तुम्हाला काय वाटतं ते आत्ताच ठरवू नका. ठरवलंत की पुढचं नीट वाचता येणार नाही, हे आमच्यावर गुदरलेलं आहे.

वादाचा मुद्दा किती लहान असावा, असं नेहमी विचारतात. नखाएवढा चालतो. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित पुत्र हा पित्याशी 'एकाच तत्त्वाचा' की 'सारख्या तत्त्वाचा' यावरून हमरीतुमरीवर आले. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत फरक एका आयोटाचा, म्हणजे आपल्या वेलांटीएवढा. रशियात 1650च्या दशकात पाट्रिआर्क निकॉन यांनी क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करण्याचं फर्मान काढलं. जुनी रीत न सोडणाऱ्यांचा पुढारी अव्वाकूम याला 1682 साली जिवंत जाळलं. त्या जुन्या रीतीवरचा बहिष्कार रशियन चर्चने उठवला तो 1971 साली. एका बोटाला तीनशे वर्षं लागली.

पण मुद्दा नुसता लहान असून चालत नाही, आणि इथे बहुतेक हौशी मंडळी घसरतात. दोन बोटं म्हणजे ख्रिस्त देवही आणि माणूसही. तीन बोटं म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. दोन्ही अर्थ दोन्ही बाजूंना मान्यच होते. मग जळायला कुणी का तयार व्हावं? मला वाटतं, ज्याच्या आजीने त्याचा हात हातात धरून ती दोन बोटं जुळवून दिली होती, त्याला एका सकाळी सांगायचं की तुझी आजी चुकली, आणि तिच्या आधीच्या सगळ्या चुकल्या. हे कोण ऐकून घेईल? 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (1726) अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यापायी 11,000 माणसं मरतात आणि आपण हसतो, कारण अंड्यामागे स्विफ्टनी कुणाची आजी ठेवलेली नाही. त्यांना एकदा थट्टा करून मोकळं व्हायचं होतं. तुम्हाला मात्र त्या देशात दर शनिवारी जायचंय.

म्हणून आम्ही मागे जाऊन सातखाडीच्या इतिहासात एक साल घातलं. त्या साली एकच पाकळी पडली. भक्तउजव्या गावाने तिचा होकार वाचला, होड्या घातल्या आणि बारा होड्या परत आल्या नाहीत. झालं, देवउजवे बरोबर? थांबा. पुढच्याच वर्षी देवउजव्यांनी नकार वाचला, घरी बसले, आणि पलीकडचं गाव वर्षभराची मासळी घेऊन आलं. इकडे पावसाळ्यात पोरं दगावली. दोन्ही गावांच्या पायरीवर नावं कोरलेली आहेत. ही नावं आम्ही खरोखर लिहून काढली, बारा आणि नऊ. त्यानंतर सातखाडीत कौलावरून विनोद करायचा बंद झाला.

विरुद्ध पक्षाची बाजू ज्याला ती पटत नाही त्याने लिहावी, हा आमचा नियम. मी देवउजवा. म्हणून भक्तउजव्यांचा ग्रंथ माझ्याकडे आला. तो लिहिता लिहिता पाचव्या अध्यायाला मी बाटलो. या उद्योगातला हा धोका विमा कंपन्या अजून धरत नाहीत.

उपमा घ्यायच्या तर पाळीव किंवा परसातल्या घ्याव्यात. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू जसं आईला घट्ट बिलगून राहतं तसं भक्ताने देवाला धरावं. तेंकलै म्हणतात, मांजरीच्या पिलाने काय धरायचं? तीच मानगुटीला धरून नेते. मुक्ती कष्टाची की कृपेची हा प्रश्न दोन प्राण्यांत पोराटोरांना कळतो. कपाळावरचं नामही दोघांचं वेगळं, एकाचं खाली गोल वळतं, दुसऱ्याचं नाकावर पाय टेकतं. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळांच्या देवळात कुणी काय म्हणायचं यावरून इंग्रजी अमदानीपासून कोर्टकचेऱ्या आहेत. आमचा वकील हे वाचून पहिल्यांदाच धर्माकडे ओढला गेला.

आता घडामोडींबद्दल. दोन पंथांना दोन वेगळ्या पुराणकथा देऊ नयेत, त्यात मजा नाही. भाऊबंदकीसारखं असावं: सातबारा एकच, रडगाणी दोन. या कामात ग्लोरँथा या जगाचा हात धरणारं कुणी नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांनी ते 1966 साली कॉलेजात असताना लिहायला घेतलं, 1975 साली त्यावर पटावरचा खेळ काढला, 1978 साली 'रूनक्वेस्ट' हा रोल-प्लेइंग खेळ आला, आणि मग शेकडो लोकांनी त्यात भर घातली. तिथे वादळाचा देव ओरलँथ सूर्यसम्राट येल्मला मारतो. मारलं, यावर सगळ्यांचं एकमत. सूर्यपूजक म्हणतात हा राजद्रोह, यामुळे जगात अंधार आला. वादळपूजक म्हणतात, जुलमी होता. आणि पुढे आमचाच देव पाताळात उतरला, चूक कबूल केली आणि सूर्याला परत घेऊन आला, ते कसं विसरता? 'एल्डर स्क्रोल्स' या संगणकी खेळमालेत लोरखान नावाच्या देवाने इतर देवांना भरीला घालून मर्त्य जग घडवलं. माणसं म्हणतात दान दिलं. एल्फ म्हणतात फसवलं, आम्ही अमर होतो. घटना तीच. ज्याला या जगात येऊन काही मिळालं तो एक बोलतो, ज्याचं गेलं तो दुसरं.

तिथीचा घोळ अवश्य घालावा, स्वस्तात मस्त काम होतं. यासाठी परदेशी जायला नको. घरातल्या कॅलेंडरवर स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी असे दोन लागोपाठचे दिवस छापलेले असतात, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना वेगळा पडला की गणपती महिन्याच्या फरकाने बसतात. मोदक दोन्हीकडे खाऊन येणारे सश्रद्ध लोक मी पाहिले आहेत. तरी एक परदेशी उदाहरण सोडवत नाही. सातव्या शतकात नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वी ईस्टर एका गणिताने मोजायचा आणि त्याची राणी, माहेरच्या रीतीप्रमाणे, दुसऱ्या. त्यामुळे कधीकधी एकाच वाड्यात राजा सणाचं जेवून उठलेला असायचा आणि राणीचा उपास अजून चालूच, असं बीड नावाच्या संन्याशाने लिहून ठेवलंय. 664 साली व्हिटबीला सभा भरवून राजाने निकाल दिला, तो राणीच्या बाजूने. दिलेलं कारण असं की स्वर्गाच्या किल्ल्या सेंट पीटरकडे आहेत, उद्या दारात अडवलं तर काय घ्या. घरात उपासाचं माणूस आणि जेवलेलं माणूस समोरासमोर आलं की काय होतं, याबद्दल बीडने काही लिहिलेलं नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना लिहून द्यायची गरज नाही.

मानपानाचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याकडे शिकवावं लागत नाही. आधी स्नान कुणाचं यावरून आखाड्यांत इतक्या वेळा जुंपली की आज सिंहस्थात वैष्णव नाशिकला रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. घाट दोन केले, सिंहस्थ एकच ठेवला. ही तोड सुचणाऱ्याला आमच्या बैठकीत मानद सभासदत्व आहे.

पण तक्रार मांडायची सर्वांत सुंदर रीत पंढरीच्या वाटेवर आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो. भाषण नाही, मोर्चा नाही, हजारोंच्या शांततेत एका कोपऱ्यातून येणारा टाळ. सातखाडीत आम्ही हे भरतोबाच्या घंटांना लावलं आणि पहिल्याच वेळी, शाळामास्तरांनी सगळ्या घंटा थांबल्याचं सांगितल्यावर, चुलत बहीण वाटीवर चमचा वाजवत राहिली. पाच मिनिटं. कुणी हसलं नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. आता इशारे.

हुशार माणसापासून धर्म जपावा. आमच्या ऑडिटरने एका शनिवारी ताळेबंद मांडला: भरती आणि ओहोटी हा एकाच पाण्याचा जमा-खर्च, तेव्हा भरतोबा आणि ओहटाई हे दैवत एकच, दोन देवळांचा खर्च अनाठायी. ग्लोरँथात अशा लोकांना गॉड लर्नर म्हणतात. त्यांना सगळ्या पुराणांमागचं एकच सूत्र सापडलं होतं. ते पडताळायला त्यांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवता आपसात बदलून पाहिल्या, कारण सूत्राप्रमाणे दोघी एकच होत्या. पिकं गेली. देवी एकच असेल, शेत एक नव्हतं. ऑडिटरला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'नमुना अपुरा होता.'

दुसरा इशारा नियमपुस्तकाबद्दल. 'फरगॉटन रेल्म्स' या खेळातल्या जगात 1989 साली देवांना पृथ्वीवर ढकलून दिलं गेलं आणि त्या धामधुमीत जगातले यच्चयावत मारेकरी एका फटक्यात मेले. खरं कारण एवढंच की खेळाच्या नव्या आवृत्तीतून मारेकरी हा पेशा वगळला होता. जादूची देवी मिस्ट्रा तेव्हाही मेली, आणि 2008 साली पुढची एक आवृत्ती आली तेव्हा पुन्हा मेली. छापखाना आणि प्रलय यांचा संबंध भक्तांना कळू देऊ नये.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मी पाळला नाही. खरं काय ते कुणी कधीही विचारायचं नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी गेली तेव्हा महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा लिहून काढली, आणि एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली तर पाठभेद म्हणून तीही ठेवली. हा शहाणपणा मला माहीत होता. तरी गेल्या श्रावणात मी शाळामास्तरांना विचारलं, 'ते असू दे, पण खरं सांगा, भरतोबाचा उजवा की आपला?' मास्तर म्हणाले, 'मलाही माहीत नाही. फाशाला विचारू. दहाच्या वर आला तर देवाचा.'

फासा पडला तो भडंगाच्या ताटलीला टेकून, तिरका. वीस तोंडांच्या फाशावर विसाच्या शेजारी दोन असतो. माझ्या बाजूने बघितलं तर वर दोन होता. समोरून बघणाऱ्या चुलत बहिणीला वीस दिसला. मी म्हटलं, ज्याने प्रश्न विचारला त्याच्या बाजूने मोजा. ती म्हणाली, फाशाच्या बाजूने मोजा. ऑडिटर म्हणाला, फासा पुन्हा टाका. वकील म्हणाला, पुन्हा टाकायचा अधिकार कुणाला, हे आधी ठरवू.

तेव्हापासून बैठका दोन होतात. आमची शनिवारी, त्यांची रविवारी. फासा आमच्याकडे आहे, अजून त्याच ताटलीला टेकलेला, भडंग वेगळ्या ताटलीत घेतो. नकाशा त्यांच्याकडे गेला. रविवारच्या मंडळींना विनंती: सातखाडी ठेवून घ्या, हवं तर आमची गावं बुडवा. पण नकाशा फोटो काढून घेऊन परत करा. त्याच्या पुढच्या बाजूला दुधाचा हिशेब आहे, रोज अर्धा लिटर, पंधरा ऑगस्टला एक, श्रीखंडासाठी. तो आईच्या हातचा आहे. तिच्या अक्षरातलं घरात दुसरं काही उरलेलं नाही.